अनाम

“केन्याहून आलात?”

लोडवारच्या पंपावर डिझेल भरता भरता त्या पोराने विचारलं आणि मला वाटलं, माझं स्वाहिली पुन्हा गंडलं. लोडवार केन्यातच आहे. तुर्काना काउंटीचं मुख्यालय आहे. मी आमचे ड्रायव्हर म्झे यांच्याकडे पाहिलं. (हे त्यांचं नाव नाही. आपण अनोळखी वडीलधाऱ्याला ‘काका’ म्हणतो, तसं स्वाहिलीत ‘म्झे’ म्हणतात.) ते हसले. “इकडे सगळे असंच बोलतात. नैरोबीला निघालेला माणूस सांगतो, जरा केन्याला जाऊन येतो.”

देश स्वतंत्र होऊन साठ वर्षं उलटली, तरी त्याचा एक मोठा तुकडा स्वतःला अजून देशाबाहेरचा समजतो. हे वाक्य पुढचे दोन दिवस माझ्या डोक्यातून गेलं नाही.

खरं तर मी मगरी बघायला निघालो होतो. नोकरीसाठी नैरोबीत येऊन दोन वर्षं झाली होती. मसाई मारा झालं होतं, सिंह-हत्तींचे फोटो घरच्या ग्रुपवर टाकून झाले होते. आता असं काहीतरी हवं होतं, जे कुणी केलेलं नाही. तुर्काना सरोवर सापडलं. वाळवंटातलं सरोवर, रंग हिरवा, मधोमध ज्वालामुखीचं बेट आणि त्या बेटावर नाईल मगरींची वीण. ईस्टरच्या सुट्टीला जोडून रजा टाकली आणि निघायच्या आदल्या रात्री स्टेटस ठेवलं : ‘जगाला माहीत नसलेल्या सरोवराकडे’.

सोबतचा मित्र जन्मापासून नैरोबीचा. त्याचे पणजोबा गोव्याहून इथे सरकारी कचेरीत कारकून म्हणून आले. आजीकडून आलेली कोकणी त्याला तोडकीमोडकी येते. माझं स्टेटस वाचून तो म्हणाला, “जगाला माहीत नसेल. पण आपल्या लोकांनी तिकडच्या वाटेवर वर्षंच्या वर्षं काढलीत. काबर्नेटवरून जाऊ. वळसा पडेल, पण जाऊ.”

काबर्नेट

नाकुरूहून उत्तरेला शंभरेक किलोमीटर गेलं की मारिगाट लागतं आणि तिथून जवळच बारिंगो सरोवर. २०२० च्या सुमारास रिफ्ट व्हॅलीतल्या बऱ्याच सरोवरांचं पाणी चढलं. बारिंगोच्या काठावरची घरं, हॉटेलं, रस्ते पाण्यात गेले. आम्ही गेलो तेव्हा बाभळीचे वाळलेले बुंधे पाण्यात उभे होते आणि त्यांच्यावर पाणकावळे पंख वाळवत बसले होते. छपरापर्यंत बुडालेल्या एका इमारतीच्या बाजूला पाणघोड्याचे कान आणि डोळे तेवढे वर दिसले. मी भरपूर फोटो काढले.

तिथून घाट चढून काबर्नेट. डोंगराच्या धारेवरचं गाव, एका अंगाला बारिंगोचा सपाट प्रदेश, दुसऱ्या अंगाला केरिओ दरी. हवा छान. चहा पिताना मित्राने सांगितलं, “पिओ गामा पिंटो इथे होता.”

हे नाव गोव्यात थोड्यांना माहीत असेल, महाराष्ट्रात जवळपास कुणालाच नाही. पिंटो १९२७ मध्ये नैरोबीत जन्मला. आईबापांनी शिक्षणासाठी भारतात पाठवलं. गोव्यात आणि मग धारवाडला शिकला, काही काळ मुंबईत पोस्ट आणि तार खात्यात नोकरी केली, तिथल्या संपात उतरला. केन्यात परतल्यावर कामगार चळवळीत आणि पत्रकारितेत शिरला, नैरोबीत बसून गोवामुक्तीचंही काम करत राहिला. माऊ माऊ लढ्याला मदत केल्याच्या संशयावरून ब्रिटिशांनी जून १९५४ मध्ये त्याला खटल्याशिवाय उचललं. लग्नाला जेमतेम पाच महिने झाले होते. आधी समुद्रातल्या मांडा बेटावर ठेवलं आणि १९५८ पासून दीडेक वर्ष इथे, काबर्नेटला. इथे गजाआड नव्हता, फक्त गाव सोडून जायचं नाही.

सुटला, पुन्हा कामाला लागला, स्वतंत्र केन्यात खासदार झाला. गरिबांना जमीन मिळाली पाहिजे हा हट्ट सोडला नाही. २४ फेब्रुवारी १९६५ रोजी नैरोबीत स्वतःच्या घराबाहेर गाडीत असताना त्याला गोळ्या घालण्यात आल्या. वय ३७. लहान मुलगी गाडीतच होती.

“माझे आजोबा त्याला ओळखायचे,” मित्र म्हणाला. “पण तो गेल्यावर घरात त्याचं नाव कुणी काढायचं नाही. सरकारी नोकरी होती ना.”

शाळेतलं कोर्ट

कितालेला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी सकाळी कापेंगुरिया गाठलं. छोटंसं, थंड हवेचं गाव. इथल्या म्युझियममध्ये जुन्या कोठड्या जपून ठेवल्या आहेत. ऑक्टोबर १९५२ मध्ये ब्रिटिशांनी आणीबाणी लावली, जोमो केन्याटांना पकडलं आणि माऊ माऊ चालवल्याच्या आरोपावरून त्यांच्यावर आणि आणखी पाच जणांवर खटला भरला. बिल्डाद काग्गिया, फ्रेड कुबाई, पॉल न्गेई, आचिएंग ओनेको आणि कुंगू कारुंबा. आज या सहांना ‘कापेंगुरिया सिक्स’ म्हणतात.

खटला नैरोबीत चालवता आला असता. तिथे कोर्ट होतं, वकील होते, वार्ताहर होते. म्हणूनच चालवला नाही. कापेंगुरियाला रेल्वे नव्हती, फोन नव्हता, राहायला हॉटेल नव्हतं आणि हा भाग परवान्याशिवाय यायला बंद होता. न्यायालयाची इमारत नव्हती म्हणून शाळेच्या खोलीत कोर्ट भरवलं. बचाव पक्षाचे वकील खाली कितालेला राहायचे आणि रोज चाळीसेक किलोमीटरची धूळ खात यायचे. मुख्य वकील इंग्लंडचे डी. एन. प्रिट. नेहरूंनी भारतातून दिवाण चमनलाल यांना धाडलं. नैरोबीतले ए. आर. कपिला, जसवंत सिंग होते आणि सगळ्यात तरुण फिट्झ डिसोझा, मूळ गोव्याचे, जन्म मुंबईचा.

८ एप्रिल १९५३ रोजी निकाल लागला. सात वर्षं सक्तमजुरी. पुढे १९५८ मध्ये सरकारी बाजूचा महत्त्वाचा साक्षीदार रॉसन माचारिया याने शपथेवर सांगितलं की, आपली साक्ष खोटी होती आणि त्यासाठी आमिष दाखवलं गेलं होतं. सरकारने काय केलं? खोटं शपथपत्र केलं म्हणून त्यालाच तुरुंगात टाकलं.

कोठडी बघून बाहेर आलो तेव्हा माझ्या डोक्यात एक साधी गोष्ट शिरली. ‘दुर्गम’ हा शब्द मी आजवर भूगोलाचा समजत होतो. डोंगर आहेत, वाळवंट आहे, म्हणून दुर्गम. पण कापेंगुरिया कितालेपासून तासाभरावर आहे. ते दुर्गम केलेलं होतं. रस्ता करायचा नाही, फोन टाकायचा नाही, परवाना लावायचा आणि मग म्हणायचं, बघा किती लांब आहे.

भिंती नसलेलं जेल

कापेंगुरियानंतर रस्ता उतरत जातो. मारिच खिंड ओलांडली की हिरवळ संपते. पुढे दोनशे किलोमीटर खडे, वाळू, काटेरी झुडपं, मधूनच उंट आणि शेळ्या. हवा तापलेल्या तव्यावरून आल्यासारखी.

या प्रदेशाला ब्रिटिशांनी कायद्यानेच कुलूप लावलं होतं. १९०२ चा ‘बाहेरच्या जिल्ह्यांचा’ कायदा, मग १९३४ चा ‘विशेष जिल्ह्यांचा’. बाहेरच्याने आत यायचं तर परवानगी, आतल्याने बाहेर जायचं तर परवानगी. तुर्काना लोक गुरांमागे फिरणारे. पाऊस जिथे तिथे त्यांचं घर. त्यांनी या कारभाराला दाद दिली नाही, तेव्हा १९१८ मध्ये लष्करी मोहीम काढून त्यांची हजारो गुरं काढून घेतली. गुरं गेली की तुर्काना माणसाकडे उरतं काय? शाळा, दवाखाने बांधायची निकड सरकारला वाटली नाही, कारण इथून कर फार मिळणार नव्हता. मग या जमिनीचा उपयोग काय? कैदी ठेवायला.

केन्याटा आणि इतरांना कापेंगुरियाहून आणखी उत्तरेला, लोकितौंगला नेलं. सरोवराच्या वायव्येला असलेली ही चौकी. पळून जाणार कुठे? चारी बाजूंना वाळवंट. भिंतींचं काम ऊन करायचं. बाकीचे खडी फोडायचे. केन्याटांचं वय झालेलं, म्हणून त्यांच्याकडे सगळ्यांचा स्वयंपाक होता. पुढे माऊ माऊचा सेनानी वारुहिउ इटोटे, म्हणजे ‘जनरल चायना’, तिथे आला. केन्याटांनी त्याला इंग्रजी शिकवलं. १९५८ मध्ये इथल्या कैद्यांनी आपल्या हालांबद्दल लिहिलेलं पत्र चोरून बाहेर गेलं आणि लंडनच्या वृत्तपत्रात छापून आलं. म्हणजे कुलूप इतकंही पक्कं नव्हतं.

पण केन्याटांच्याही आधी लोकितौंगला एक भारतीय माणूस होता. मखन सिंग. १९१३ मध्ये पंजाबात गुजरांवाला जिल्ह्यात जन्म, चौदाव्या वर्षी नैरोबीत. वडिलांच्या छापखान्यात काम करता करता कामगारांची संघटना बांधली. त्या काळी गोरे, आशियाई, आफ्रिकी असे तीन डबे होते आणि एका डब्यातल्याने दुसऱ्यात डोकवायचं नाही असा अलिखित नियम. मखन सिंगांनी आपली संघटना सगळ्या वर्णांच्या कामगारांना खुली केली. मध्ये भारतात आले तर १९४० मध्ये ब्रिटिशांनी इथेही डांबलं. परत गेल्यावर फ्रेड कुबाईंसोबत १९४९ मध्ये पूर्व आफ्रिकेची कामगार काँग्रेस उभी केली. एप्रिल १९५० मध्ये नैरोबीच्या कालोलेनी हॉलमधल्या भर सभेत पूर्व आफ्रिकेच्या संपूर्ण स्वातंत्र्याची मागणी केली. पुढच्याच महिन्यात अटक. निषेधार्थ नैरोबीत मोठा संप झाला.

त्यानंतर लोकितौंग, मरालाल, डोल डोल अशा वाळवंटी चौक्यांवर त्यांना ठेवलं गेलं. ऑक्टोबर १९६१ मध्ये सुटले. साडेअकरा वर्षं. केन्याटांपेक्षाही जास्त.

लोडवारला पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. १९५९ मध्ये शिक्षा संपल्यावरही केन्याटांना सोडलं नव्हतं. लोकितौंगहून काढून लोडवारला नजरकैदेत ठेवलं होतं. याच गावातल्या पंपावर त्या पोराने विचारलं, केन्याहून आलात?

सरोवराची नावं

तिसऱ्या दिवशी पहाटे कालोकोलला निघालो. साठेक किलोमीटर. दूम ताडांच्या रांगा सुरू झाल्या आणि एकदम समोर पाणी आलं. शेवाळामुळे रंग खरोखर हिरवा, वाऱ्याने सारखा बदलणारा. मुंबईहून निघून नगर गाठावं तेवढी लांबी आणि पलीकडचा काठ दिसत नाही. पाणी आत येतं, बाहेर जायला वाट नाही. त्यामुळे क्षार साठून चव मचूळ.

मोटरबोट ठरवली. नावाडी माझ्याहून लहान, इंग्रजी उत्तम. लाटा बऱ्याच होत्या. तासाभराने सेंट्रल आयलंडचा काळा खडक जवळ आला. बेटाच्या पोटात तीन विवरं, तिन्हींत पाणी. त्यातल्या एका तळ्याच्या काठावर आम्ही वर कड्याशी उभे राहिलो. खाली ओंडके पडले होते. मग एक ओंडका हलला. मोजायला लागलो आणि बाविसाव्या मगरीनंतर सोडून दिलं. अंडी फुटायच्या वेळी आतली पिल्लं आवाज करतात. तो ऐकून आई वाळू उकरते आणि त्याच जबड्यात पिल्लांना अलगद धरून पाण्यात नेते. आम्ही पाहिलं ते एवढंच : एक मादी उकरलेल्या वाळूपाशी निश्चल. तासभर बघत होतो. तिने मान वळवली नाही.

बंद सरोवरात नाईलच्या मगरी आल्या कुठून? साधारण दहा ते पाच हजार वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेत पाऊस खूप होता. सरोवराची पातळी आजच्यापेक्षा शंभरेक मीटर वर होती आणि पाणी ओसंडून नाईलच्या खोऱ्यात जात होतं. त्या वाटेने मगरी आणि नाईल पर्च मासा आले. मग पाऊस आटला, वाट तुटली, ते इथेच राहिले.

नावाडी म्हणाला, “टेलेकीने शोधलं, असं आम्हाला शाळेत शिकवलं.” काउंट शामुएल टेलेकी, हंगेरीचा सरदार. सोबत लुडविग फॉन ह्योनेल हा ऑस्ट्रियन नौदलातला अधिकारी, जुंबे किमेमेटा हा स्वाहिली व्यापारी आणि शेकडो हमाल. किनाऱ्यावरून १८८७ मध्ये निघाले, मार्च १८८८ मध्ये सरोवरावर पोचले. टेलेकीने ऑस्ट्रियाच्या युवराजाचं नाव दिलं : रुडॉल्फ सरोवर. युवराजाने ते कधी पाहिलं नाही. पुढच्या जानेवारीत त्याने मेयरलिंगला स्वतःला संपवलं. पण नकाशावर तो सत्त्याऐंशी वर्षं राहिला.

ज्या सरोवराचा टेलेकीने ‘शोध’ लावला, त्याच्या पश्चिमेला काही हाडं सापडली. १९८४ मध्ये नारिओकोतोमेला कामोया किमेउ या केनियन जीवाश्मशोधकाला कवटीचा काडेपेटीएवढा तुकडा दिसला. खणत गेल्यावर जवळजवळ अख्खा सांगाडा निघाला. सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वीचा मुलगा, ‘तुर्काना बॉय’. जवळच लोमेक्वीला ३३ लाख वर्षं जुनी दगडी हत्यारं सापडली, हे २०१५ मध्ये जाहीर झालं. माणूस इथे इतका जुना आहे की, ‘शोध लागला’ म्हणायची जगातली सर्वांत शेवटची जागा ही असावी.

१९७५ मध्ये नाव बदलून तुर्काना झालं. तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते जोमो केन्याटा. लोकितौंगचा कैदी. पण सरोवर एकट्या तुर्कानांचं नाही. दक्षिण टोकाला एल मोलो राहतात, उत्तरेला दासानेच, पूर्वेला गाब्रा, रेंदिले. सांबुरू त्याला ‘बासो नारोक’ म्हणतात, म्हणजे काळं सरोवर.

“आणि तुम्ही?” मी विचारलं.

“अनाम,” तो म्हणाला.

मी दचकलो. त्याला कारण कळेना, म्हणून सांगितलं की, माझ्या भाषेत याचा अर्थ ‘नाव नसलेलं’. तो पोट धरून हसला. “नाही नाही. अनाम म्हणजे मोठं पाणी. अनाम का अलकोल. खूप माशांचं पाणी.”

पाणी कुणाचं

परतताना कालोकोलला त्याने एक मोठी, ओसाड इमारत दाखवली. नॉर्वेच्या मदतीने बांधलेला मासे गोठवायचा कारखाना. १९७० नंतरच्या दशकात दूरच्या भल्या माणसांनी ठरवलं की, गुरांवर जगणाऱ्या तुर्कानांना मासेमारीवर आणावं. पण या उन्हात गोठवायला लागणारी वीज माशांपेक्षा महाग पडली. वर १९८० च्या दशकात सगळे मासे जिथे मिळायचे, ते फर्ग्युसनचं आखातच आटलं. कारखाना काही दिवसच चालला. सरोवर असं मागेपुढे होतं, हे गुराख्यांना माहीत होतं. त्यांना कुणी विचारलं नाही.

आजही तेच चालू आहे. सरोवरात येणारं ऐंशी-नव्वद टक्के पाणी एका नदीचं, इथिओपियातल्या ओमोचं. तिच्यावर २४३ मीटर उंच गिबे ३ धरण झालं, डिसेंबर २०१६ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. खाली उसाच्या मळ्यांनाही तिचंच पाणी. दरवर्षीच्या पुरासोबत येणारा गाळ आणि त्यावर वाढणारे मासे यांचं गणित बिघडलं. सरोवरातली राष्ट्रीय उद्यानं १९९७ पासून जागतिक वारसा आहेत. २०१८ मध्ये युनेस्कोने त्यांना ‘धोक्यात’ असलेल्या यादीत टाकलं. नंतर जोराचे पाऊस झाले आणि पाणी उलट काठ सोडून वर आलं. नावाड्याचं जुनं घर त्या पाण्यात गेलं. धरण अदिस अबाबात ठरतं, यादी पॅरिसमध्ये, रस्ता नैरोबीत.

लागा

चौथ्या दिवशी लोकितौंगला जायचं ठरलं होतं. मित्राला मखन सिंगांची चौकी बघायची होती, आता मलाही. निम्म्या वाटेवर म्झेंनी गाडी थांबवली. समोर लागा, म्हणजे कोरडी नदी. एरवी नुसती वाळू. वर डोंगरात कुठेतरी पाऊस झाला होता आणि आता तिच्यातून लाल पाणी झाडांचे बुंधे घेऊन चाललं होतं. पूल नव्हता.

काठावर एक म्हातारी बसली होती, गळ्यात मण्यांच्या जाड माळा, सोबत चार शेळ्या. म्झेंनी विचारपूस केली. लोकितौंगजवळ तिच्या लेकीचं घर होतं, तिकडे निघाली होती. पाणी कधी उतरेल? संध्याकाळी, नाहीतर उद्या. ती थांबणार होती.

आम्ही तीन तास थांबलो. सोमवारी माझं ऑफिस होतं. फोनला रेंज नव्हती, नाहीतर ते स्टेटस तेव्हाच काढून टाकलं असतं. शेवटी म्झेंनी गाडी वळवली. आमच्याजवळचं पाणी आणि बिस्किटं म्हातारीला दिली. तिने काहीतरी विचारलं.

“काय म्हणतात?” मी म्झेंना विचारलं.

“कुठे निघालात, विचारते.”

आणि आम्ही काही बोलायच्या आत त्यांनीच तिला सांगून टाकलं, “केन्याला.”